दारांत अडलेलें पत्र

पत्राची वाट पाहणें हा मनुष्याचा फार जुना उद्योग आहे. आमच्या मेहकरास आगगाडी नाहीं. त्यामुळें माझ्या लहानपणीं टपालाची थैली मोटारीनें येई, आणि ती आली म्हणजे गल्लींतील प्रत्येक ओटा पोस्टमनकडे डोळे लावून बसे. पत्र उशिरां येई, क्वचित् भिजून येई, एखादे वेळीं शेजारच्या घरीं पडे. परंतु “हें पत्र ह्या घराच्या उपयोगाचें दिसत नाहीं, तें जिन्याखालच्या अडगळींत टाकावें,” असा विचार पोस्टमनच्या मनांत कधीं आला नाहीं. आजचा पोस्टमन मात्र तो विचार प्रत्येक पत्राविषयीं करतो, आणि बहुतेक वेळां त्याचा निर्णय बरोबरही असतो. तो चुकला म्हणजे काय होतें, हें आमच्या घरानें गेल्या वर्षीं अनुभविलें. तें सांगावें, आणि त्यावरून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही दोघे भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा माणसें एका छपराखालीं राहतों. स्वयंपाकघर एक, देवघर एक आणि ई-मेलचें खातेंही एकच. विजेचें बिल, विम्याची पावती, परदेशीं असलेल्या पुतण्याचें क्षेमकुशल, हें सर्व त्या एका खात्यांत येई. आणि निवृत्त मास्तरास दुसरा उद्योग नाहीं म्हणून त्याची देखरेख माझ्याकडे होती. माझ्या धाकट्या नातीनें बी. एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला आणि घरच्या रीतीप्रमाणें त्यांत घरचाच पत्ता दिला. आम्ही उत्तराची वाट पाहूं लागलों. आषाढ गेला, श्रावण लागला. “संस्थांचा कारभार असाच सावकाशीचा असतो,” असें मीं तिला दोनदां समजाविलें. मग एका शनिवारीं सायंकाळीं ती फोन घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

“आजोबा, पत्र आलं होतं,” ती म्हणाली. “स्पॅममध्ये पडलं होतं. मुलाखत बुधवारीच होऊन गेली.”

त्याच रात्रीं तिनें संस्थेस खरी हकीगत कळविली. उत्तर सौजन्याचें आलें. जागा भरली होती. पुढील वर्षीं पुनः अर्ज करावा, असें त्यांत लिहिलें होतें. मुलगी रडली नाहीं. तिनें कोणास दोषही दिला नाहीं. तिचें तें न बोलणें मला अधिक लागलें. ज्या पत्रासाठीं घर दोन महिने ताटकळलें, तें घरांतच, माझ्या हातांतल्या यंत्रांतच पडून होतें! असें कां व्हावें, हें समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. पुढील पंधरा दिवस मी विद्यार्थी झालों आणि नात माझी शिक्षिका झाली.

दारांत हा द्वारपाल कां बसवावा लागला, तें प्रथम पाहूं. रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्यानें इ. स. १९७१ मध्यें एका संगणकावरून जाळ्यांतील दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविलें, आणि माणसाचें नांव व संगणकाचें नांव ह्यांच्यामध्यें आज आपण ज्यास ‘ॲट’ म्हणतों तें चिन्ह घातलें. त्यानंतर सातच वर्षांनीं, ३ मे १९७८ रोजीं, गॅरी थर्क नांवाच्या एका विक्री-अधिकाऱ्यानें आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारें ४०० लोकांस, त्यांनीं मागितली नसतां, एकदम पाठविली. लोक संतापले. परंतु त्या जाहिरातीनें विक्रीही झाली, असें थर्क पुढें सांगत असत. आणि रोगाचें मूळ तेथेंच आहे. ह्या टपालास तिकीट लागत नाहीं. लाख पत्रें पाठवून एक मनुष्य गळास लागला तरी पाठविणाऱ्याचें भागतें.

ह्या आगंतुक पत्रांस ‘स्पॅम’ हें नांव कसें पडलें, तेंही मौजेचें आहे. हें एका अमेरिकन कंपनीनें १९३७ सालीं विकावयास काढलेल्या, डब्यांत भरलेल्या डुकराच्या मांसाचें नांव. आमच्या आजीच्या सोंवळ्यांतील स्वयंपाकघरांत त्याचा उच्चारही झाला नसता! इंग्लंडांतील एका विनोदी मंडळीनें १९७० सालीं एक प्रवेश केला. त्यांत एका खाणावळींतील जवळजवळ प्रत्येक पदार्थांत हेंच मांस घातलेलें असतें आणि त्याच्या नांवाच्या गजरांत दुसरें कांहीं ऐकूंच येत नाहीं. नको असलेल्या पत्रांच्या गर्दींत कामाचें पत्र दिसेनासें होतें, म्हणून तेंच नांव ह्या उपद्रवास चिकटलें.

बरें, खोट्या पत्रास दाराशींच ओळखून परत कां लावतां येत नाहीं? ह्याचें कारण असें, कीं ई-मेल पोंचविण्याचे जे नियम १९८२ सालीं जॉन पोस्टेल ह्यांनीं लिहिले, ते परस्परांस ओळखणाऱ्या विद्वानांच्या लहानशा जगासाठीं होते. पाठविणारा “मी अमुक” म्हणाला, कीं तें खरें मानावें, अशी ती व्यवस्था. आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, तोंवर जग अफाट झालें होतें. पण मूळ व्यवस्था तीच राहिली. लखोट्याच्या पाठीवर कोणींही कोणाचेंही नांव लिहावें, अशी ती स्थिति. तेव्हां द्वारपाल संशयी झाला ह्यांत नवल नाहीं.

संशयी द्वारपालापुढें खऱ्या माणसाची काय अवस्था होते, तें कालिदासानें ‘अभिज्ञानशाकुंतला’त दाखविलें आहे. शकुंतला खरीच होती, तिचें म्हणणेंही खरें होतें. परंतु ओळखीची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यांत पडली होती आणि राजाची स्मृति शापानें झांकली होती. नुसतें खरें असणें तिला पुरलें नाहीं; खरेपणाची खूण जवळ असावी लागली. ई-मेलचें असेंच आहे. ती खूण पटविण्यासाठीं आतां तीन मुद्रा प्रचारांत आहेत.

पहिलीस ‘एसपीएफ’ म्हणतात. संस्था आपल्या नांवाच्या सार्वजनिक नोंदींत लिहून ठेवते, कीं आमचें टपाल अमुक संगणकांवरूनच निघेल. जुन्या काळीं एखादा सावकार गांवास सांगून ठेवी, कीं माझी वसुली हे दोनच कारकून करतील. तिसरा आला तर त्यास पैसे देऊं नयेत. तसाच हा प्रकार. हिच्यांत एक उणीव आहे. एका खात्यांतील पत्रें आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळविण्याची सोय पुष्कळांनीं करून ठेवलेली असते. तसें वळविलेलें पत्र भलत्याच संगणकावरून येतें, आणि मग ही मुद्रा बहुधा जुळत नाहीं.

दुसरी मुद्रा ‘डीकिम’. पाठविणारी संस्था पत्रावर एका गुप्त किल्लीनें गणिती शिक्का उमटविते, आणि तो पडताळण्याची दुसरी किल्ली सर्वांस दिसेल अशी ठेविते. मुद्रित भागांतील एक अक्षर बदललें, तरी शिक्का जुळत नाहीं. ही कल्पना आपणांस परकी वाटूं नये. आमच्या जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाऊंचें जन्मस्थान. त्यांच्या पुत्राच्या पत्रांवर आरंभीं संस्कृत राजमुद्रा असे, आणि मजकूर संपे तेथें ‘मर्यादा’ मुद्रा असे. लेख येथें संपला, ह्यापुढें कोणीं कांहीं लिहिलें असेल तर तें आमचें नव्हे, हा त्या दुसऱ्या मुद्रेचा उपयोग. उलट, नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाविषयीं जी कथा परंपरेनें सांगतात, तींत ‘धरावें’ ह्या शब्दाचें ‘मारावें’ झालें. आणि ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार भाषेंत कायमचा राहिला. डीकिमचें कार्य म्हणजे वाटेंत ‘ध’ चा ‘मा’ झाल्यास तो उघड करणें.

तिसरी ‘डीमार्क’. ही २०१२ सालीं पुढें आली. पत्रावर वाचकास जें नांव दिसतें, त्याच नांवाची वरील दोहोंपैकीं एक तरी मुद्रा जुळते कीं नाहीं, हें ती पाहावयास लावते. आणि न जुळल्यास पत्र आंत घ्यावें, बाजूस ठेवावें कीं परत लावावें, ह्याची आज्ञा संस्थाच द्वारपालास देऊन ठेवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनें असा नियम केला आहे, कीं जीमेलच्या खात्यांस दिवसाकाठीं ५,००० हून अधिक पत्रें पाठविणाऱ्यानें ह्या तिन्ही मुद्रा बाळगाव्या. थोडीं पत्रें पाठविणाऱ्यासही पहिल्या दोहोंपैकीं एक हवीच. याहूनें त्याच सुमारास असेच नियम केले.

येथपर्यंत ऐकल्यावर मला वाटलें, कीं त्या संस्थेनेंच मुद्रा लावल्या नसतील आणि दोष तिचा असेल. नातीनें मला पत्राचा मूळ आलेख उघडून दाखविला. तिन्ही मुद्रा जागच्या जागीं होत्या! मग पत्र अडलें कां?

ह्याचें उत्तर द्वारपालाच्या दुसऱ्या गुणांत आहे: तो शिकतो. अठराव्या शतकांत टॉमस बेज नांवाचा एक इंग्रज धर्मोपदेशक होऊन गेला. नवा पुरावा मिळेल तसतशी आपली अटकळ किती बदलावी, ह्याचें गणित त्यानें मांडिलें. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. २००२ सालीं पॉल ग्रॅहम ह्या संगणकतज्ज्ञानें तें गणित पत्रें पाखडण्याच्या कामीं कसें लावावें, हें एका निबंधांत दाखविलें आणि तो निबंध फार गाजला. रीति अशी, कीं नको असलेल्या पत्रांचा एक ढीग व हव्या असलेल्या पत्रांचा दुसरा ढीग घ्यावा, कोणता शब्द कोणत्या ढिगांत किती वेळां येतो तें मोजावें, आणि त्यावरून नव्या पत्राची जात ठरवावी. आजचे द्वारपाल शब्दांखेरीज पुष्कळ गोष्टी पाहतात. पाठविणाऱ्याची पूर्वकीर्ति पाहतात, आणि त्याच्याविरुद्ध लोकांनीं किती तक्रारी केल्या तेंही पाहतात. वर सांगितलेल्या नियमांतच गूगलनें म्हटलें आहे, कीं तक्रारींचें प्रमाण हजारीं तीनपर्यंत जाऊं देऊं नये. थोडक्यांत, हे दोन ढीग आपणच रचून देत असतों. ‘स्पॅम’ची कळ दाबणें म्हणजे द्वारपालास एक धडा देणें होय.

हें ऐकलें आणि माझा चेहरा उतरला. ती पुण्याची संस्था शिष्यवृत्त्या देते, तसे सुटीचे वर्गही चालविते. त्या वर्गांच्या जाहिराती नातीनें अर्ज केल्याच्या दिवसापासून घरच्या खात्यांत येऊं लागल्या होत्या. रोज सकाळीं चहा झाला, कीं मी त्या पाहात असें, चिडत असें आणि प्रत्येकीवर ती कळ दाबीत असें. स्वच्छता केल्याचें समाधान मला वाटे. एकाच नांवाची इतकीं पत्रें घरच्या वडील माणसानें बाहेर काढलीं, तेव्हां त्याच नांवाचें आणखी एक पत्र द्वारपालानें आंत कां घ्यावें? त्यानें माझीच आज्ञा पाळली होती.

नातीस हें माहीत नव्हतें. न सांगतां चाललें असतें. परंतु चाळीस वर्षें मुलांस “चूक झाली तर पाटीवर लिही” असें सांगत आलों; त्यामुळें मीं तिला सर्व सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजोबा, मग आता त्याला दुसरा धडा द्या.”

तो धडा वाचकांच्याही घरीं उपयोगी पडावा म्हणून सांगतों. ज्या संस्थेकडे आपण आपण होऊन नांव दिलें आहे, तिचीं पत्रें नकोशीं झालीं तर ‘स्पॅम’ची कळ दाबूं नये, पत्राच्या तळाशीं किंवा माथ्यावर ‘सदस्यत्व रद्द करा’ अशी सोय असते, ती वापरावी. ती कळ अनोळखी व फसव्या पत्रांसाठीं राखून ठेवावी. आणि फसव्या पत्रांतील ‘रद्द करा’ मात्र दाबूं नये. कोणाच्या पत्राची वाट पाहावयाची असेल, तर त्याचा पत्ता आधींच आपल्या संपर्कांच्या यादींत लिहावा. ह्यानें द्वारपालाचा संशय बहुधा कमी होतो. जीमेलमध्यें याहून पक्की सोय आहे: अमुक पत्त्यावरून आलेलें पत्र स्पॅममध्यें कधींही टाकूं नये, असा नियम तेथें करून ठेवितां येतो. अडकलेलें खरें पत्र सांपडलें, तर तें नुसतें वाचून सोडूं नये. ‘स्पॅम नाही’ ही कळ दाबावी, म्हणजे द्वारपालाचा धडा दुरुस्त होतो.

स्पॅमची पेटी आठवड्यांतून एकदां तरी उघडावी. जीमेल तेथील पत्र ३० दिवसांनंतर आपोआप नाहींसें करतें. मग शोधूनही उपयोग नाहीं. ज्या घरांत अर्ज, परीक्षा, नोकरी, सोयरीक ह्यांपैकीं कांहीं चाललें आहे, त्या घरांत ती रोज उघडावी. आणि प्रौढ मुलामुलींस ज्याचें त्याचें खातें असावें. एकत्र कुटुंबांत ताट वेगळें मांडलें म्हणून चूल वेगळी होत नाहीं. हें मला उशिरां सुचलें.

ह्या सावधगिरीस कायद्याचेंही कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, ह्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें, उभयपक्षीं वेगळें ठरलें नसेल आणि आपण पत्रासाठीं एखादें खातें नेमून दिलें असेल, तर पत्र त्या व्यवस्थेंत शिरलें, कीं तें पोंचलें. आपण तें वाचलें कीं नाहीं, हा प्रश्न तेथें नाहीं. प्राप्तिकर खात्याच्या नोटिसादेखील आज ई-मेलनें येतात. “पत्र स्पॅममध्यें होतें, मला दिसलें नाहीं,” एवढी सबब पुरेल, असें धरून चालूं नये.

आतां दोन शब्द पाठविणारांसाठीं. कारण आपल्यापैकीं पुष्कळजण एखाद्या शाळेचे, वाचनालयाचे किंवा मंडळाचे चिटणीस असतात. संस्थेचें स्वतःचें नांव नोंदलेलें असेल तर त्यास तिन्ही मुद्रा आहेत कीं नाहीं, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. वार्षिक सभेची सूचना चिटणिसानें आपल्या खाजगी खात्यावरून दोनशें जणांस एका दमांत पाठविली, तर द्वारपालास ती जाहिरातच वाटण्याचा संभव असतो. विषयाची ओळ कोरी ठेवूं नये. तींत उद्गारचिन्हांची माळही लावूं नये. बंद पडलेले पत्ते यादींतून काढावे. जी संस्था जाहिराती व महत्त्वाचीं पत्रें दोन्ही पाठविते, तिनें दोहोंसाठीं निरनिराळीं उपनांवें वापरावीं, म्हणजे एकीचा राग दुसऱ्यावर निघत नाहीं. आणि ज्या पत्रावर एखाद्या मुलाचें वर्ष अवलंबून आहे, त्याच्याबरोबर फोनवर एक ओळ अवश्य कळवावी.

शेवटीं एक इशारा. अडकलेलें पत्र सोडविण्याच्या भरांत चोरास घरांत घेऊं नये. मुद्रा जुळली म्हणजे हेतु शुद्ध, असें नाहीं. ‘मुद्राराक्षस’ नाटकांत मुद्रा राक्षसाचीच होती. पण ती चाणक्याच्या हातीं पडली, आणि तिनेंच मुद्रित केलेलें पत्र राक्षसाच्या पराभवास कारण झालें. ठकही आपल्या नांवाची नोंद करून तिन्ही मुद्रा लावूं शकतो. म्हणून स्पॅममधील पत्रांतल्या दुव्यावर कधीं बोट ठेवूं नये. संस्थेचें संकेतस्थळ आपण स्वतंत्रपणें उघडावें किंवा फोन करून विचारावें. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं बँकांस त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आपलीं संकेतस्थळें ‘बँक डॉट इन’ ह्या राखीव शेवटाच्या नांवावर नेण्यास सांगितलें, तें ह्याच ओळखीच्या खुणेसाठीं. तेवढ्यावरही कोणी फसलाच, तर क्षणाचा विलंब न लावतां १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर कळवावें.

नातीनें ह्या वर्षीं पुनः अर्ज केला आहे. पत्ता तिच्या स्वतःच्या खात्याचा दिला आहे. मधल्या वर्षांत तिनें गल्लींतील मुलांस गणित शिकविलें आणि माझ्या एका शब्दानेंही आठवण करून दिली नाहीं. मी मात्र रोज सायंकाळीं संध्येस बसण्यापूर्वीं घरच्या खात्याची ती पेटी उघडून पाहतों. बहुधा तींत केरकचराच असतो. चार दिवसांपूर्वीं पुतण्याचें एक पत्र सांपडलें. तें वळविलेल्या खात्यावरून आलें होतें आणि त्याच्या घरीं मुलगी झाल्याची वार्ता त्यांत होती. मीं तें सर्वांस वाचून दाखविलें, मग नातीनें पुढें होऊन ‘स्पॅम नाही’ ही कळ दाबली. संस्थेचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तें होकाराचें असो वा नकाराचें, पण ह्या खेपेस तें दारांत अडून राहणार नाहीं.